घरटी एक डोकं

तुमच्या घरातलं माणूस उद्या गेलं, तर दहाव्याला डोकं भादरायला कोण कोण बसेल, याचा विचार तुम्ही कधी केलाय का? नसेल केला. कुणी करत नाही. भावकी आहे, येईल, असं आपण धरून चालतो. सरूबाई गवारेनंही तसंच धरलं होतं, आणि धरून चालायला तिच्याकडं तुमच्या-आमच्यापेक्षा भक्कम कारण होतं.

चाकणच्या एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, कंटेनरच्या रांगा संपून खडीचा रस्ता लागतो तिथं गवारेवाडी आहे. वाडीत सगळे गवारे. कमानीवर गवारे, वजनकाट्यावर गवारे, गाड्या धुवायच्या सेंटरवर गवारे, पाण्याच्या टँकरवर गवारे आणि टँकर अडवणाऱ्या पोरांच्या टी-शर्टवर पण गवारेच. नवा कुरिअरवाला पहिल्या दिवशी इथं रडकुंडीला येतो. मग त्याला कुणीतरी सांगतं की बाबा, आडनाव इथं कुणी वापरत नाही. टाकीखालचे, पारावरचे, मळ्यातले, गिरणीवाले, अशी विचारणा कर. सरूबाईच्या घराला वाडी म्हणायची 'जालन्याचे'. कुणी वाईट हेतूनं म्हणत नव्हतं. टाकीखाली राहतात ते टाकीखालचे, जालन्याहून आले ते जालन्याचे, इतकं सरळ.

ती आणि तिचा नवरा कोंडीराम परतूरकडच्या एका खेड्यातून आले तेव्हा मुलगा समाधान कडेवर होता आणि नेहा व्हायची होती. कोंडीरामला काम हवं होतं आणि डोक्यावर पत्रा हवा होता. चाळीचे मालक उद्धवराव दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी नाव विचारलं. कोंडीराम गवारे, असं ऐकल्यावर ते खुर्चीतून उठलेच.

"गवारे? आरं मग भाडेकरू कसला तू, आमचा भाऊबंदच की."

भाऊबंद झाल्यावरही भाडं पहिल्या तारखेलाच घेत, तो भाग निराळा. पण उपकार खोटे नव्हते. दोन-तीन कंपन्यांना माणसं पुरवायचं कंत्राट उद्धवरावांकडं होतं. स्थानिक माणसं घ्या नाहीतर गेट बंद, असा गावाचा दम कंपन्यांना असायचा, आणि वाडीची खरी पोरं जमिनीचा पैसा हातात आल्यावर मशीनला हात लावायला तयार नव्हती. अशा वेळी गवारे आडनावाचा, काम करणारा, तोंड न उघडणारा माणूस आपल्या पायानं चालत आलेला. उद्धवरावांनी गेटवर सांगितलं, माझा चुलतभाऊ. गेटवरच्या साहेबानं आडनाव वाचलं आणि पुढं काही विचारायच्या भानगडीत पडला नाही. परतूरचा कोंडीराम एका दिवसात चाकणचा भूमिपुत्र झाला आणि पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहिला. पुढं सरूबाईलाही त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला घेतलं.

आता भाऊबंद म्हटल्यावर भावकीची कामंही आली. आल्या वर्षीच मळ्यातला एक म्हातारा गेला. वाडीचा नियम असा होता की गवाऱ्यांत कुणी गेलं की सगळ्या वाडीला सुतक. देवाला हात लावायचा नाही, घरात गोड नाही, तळण नाही, कुणाचं शुभकार्य नाही. आणि दहाव्याला नदीवर घरटी एका पुरुषानं डोकं भादरायचं.

उद्धवरावांच्या घरातून त्यांचा मुलगा सुजित बसायला हवा होता. सुजित तेव्हा नुकताच चिंचवडला गाड्यांच्या शोरूमला लागला होता. चकोट करून गिऱ्हाइकापुढं उभा कसा राहणार? उद्धवराव स्वतः बसले असते, पण त्यांना शुगर, वस्तरा लागला तर जखम भरत नाही म्हणाले. तोड काढली ती त्यांच्या बायकोनं, सुमनताईनं. कोंडीभावजी बसतील की आपल्या घराकडून, त्यांचं काय येगळं हाय का, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि प्रश्न मिटला. न्हाव्यानं कोंडीरामचं डोकं आधी त्याच्या स्वतःच्या घराचं म्हणून भादरलं. मग पाणी मारून पुन्हा एकदा त्याच डोक्यावर वस्तरा फिरवला, तो उद्धवरावांच्या घराचा.

हे वाडीला फार सोयीचं पडलं. पोरं एकेक करून रावेतला, चिंचवडला फ्लॅट घेऊन गेली. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाची परदेशच्या साहेबाबरोबर मीटिंग, कुणाला डॉक्टरनं ऊन टाळायला सांगितलेलं. एका दहाव्याला तर कोंडीरामच्या डोक्यावर चार घरांचा वस्तरा फिरला. केस पहिल्याच खेपेला गेले होते. पुढच्या तीन घरांसाठी न्हावी नुसती कातडी खरवडत होता आणि कोंडीराम मान खाली घालून, डोळे मिटून, ज्यांची तोंडं नीट पाहिली नव्हती अशा माणसांचा शोक करत होता.

लाईनवर त्याला सगळे टकलू म्हणायचे. ज्योतीराम नावाचा त्याचा जोडीदार होता, कासारवाडीहून यायचा, बौद्ध घरातला, जिभेचा तिखट. कोंडीरामच्या डोक्यावर बोटभर केस दिसले की तो विचारायचा, काय गवारे, वाडीत सध्या सगळ्यांच्या तब्येती बऱ्या दिसतायत. कोंडीराम हसायचा. त्याला यात कमीपणा वाटत नव्हता, उलट छाती फुगायची. "मेल्यावर उचलायला माणसं लागतात," तो सरूबाईला सांगायचा. "ती आपण कमवून ठिवली."

सरूबाईचा वाटा कमी नव्हता. करंज्यांचं सारण भाजून ठेवावं आणि निरोप यावा, असं किती दिवाळ्यांना झालं ते तिनं मोजलं नाही. सारण डब्यात कुबट व्हायचं, ती ते चहाबरोबर चमच्यानं पोरांना द्यायची. कँटीनमध्ये गणपतीचे मोदक करायला बायका बसल्या की ती आपणहून उठून भांड्यांकडं जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, आमच्यात सुतक हाय. 'आमच्यात' म्हणताना तिला बरं वाटायचं, हेही खरं.

नेहाची सोयरीक मोडली ती यातच. मुलगा चिंचवडचा, नोकरी पक्की, पोरीला पसंत. साखरपुड्याचा हॉल ठरलेला. आदल्या संध्याकाळी पारावरच्या गोजाबाई गेल्या. त्या इतक्या म्हाताऱ्या होत्या की त्या अजून आहेत हे अर्ध्या वाडीला त्या गेल्यावर कळलं. साखरपुडा पुढं ढकलायचा म्हणून फोन केला तर मुलाकडचे म्हणाले, गावच्या कुणी म्हातारी गेली ना, तुमची रक्ताची नाही ना? कोंडीराम ठामपणे म्हणाला, आमचीच. मग त्या मंडळींनी अपशकुन धरला आणि विषय तिथंच संपला. नेहा आईबापाशी कितीतरी दिवस बोलली नाही. पुढं तिचं लग्न झालं, रावेतला दिली, बरं चाललंय. पण त्या पहिल्या मुलाचा विषय निघाला की ती अजूनही उठून दुसरीकडं जाते. वाडीत मात्र कोंडीरामचं नाव झालं. कोंडीबासारखी भावकी पाळणारा माणूस वाडीत दुसरा नाही, असं उद्धवराव पारावर बसून चार लोकांत म्हणाले.

इकडची भावकी पाळता पाळता तिकडची सुटली. कोंडीरामचे सख्खे चुलते परतूरला वारले आणि त्यांचा दहावा नेमका गिरणीवाल्यांच्या दहाव्यादिवशी आला. कोंडीराम इथं बसला. तीन घरं त्याच्यावर अवलंबून होती ना. तिकडून चुलतभावाचा फोन आला, तू आता तिकडलाच झाला, मपल्या दारात पुन्यांदा येऊ नको. कोंडीरामनं फोन ठेवला आणि सेकंड शिफ्टला गेला.

म्हणजे सरूबाईच्या पदरात शेवटी एकच गोष्ट उरली होती. आपलं माणूस जाईल तेव्हा ही वाडी आपल्यासाठी थांबेल. घरटी एक डोकं आपल्यासाठी खाली वाकेल. बाकी तिला वाडीकडून काही नको होतं.

कोंडीराम चैत्रात गेला, भैरवनाथाच्या यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी. फर्स्ट शिफ्ट होती. खाटेवर बसून एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि तसाच मागं टेकला. सरूबाई डब्याला झाकण लावत होती. तिनं दोनदा हाक मारली. मग त्याच्या हातातला बूट काढून घेतला आणि खाली दुसऱ्या बुटाशेजारी नीट ठेवला. बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. ती पदर सारखा करत रस्त्यापर्यंत गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आज न्हाई येणार ते."

ड्रायव्हर घाईत होता. "उद्या?"

"उद्या बी न्हाई."

बस गेली. ती परत आली, डबा तसाच खाटेवर होता. समाधान नाइट शिफ्टवरून यायचा होता. त्याला फोन लावायला हवा हे तिच्या डोक्यात आलं, पण नंबर कुठल्या बटणाला ठेवलाय ते आठवेना. शेजारच्या खोलीतल्या ओडिशाच्या बाईनं येऊन पाहिलं, किंचाळली, आणि मग वाडीला कळलं.

बायका आल्या. रीतीप्रमाणे बसल्या, रडल्या. पुरुष मात्र दारात क्षणभर टेकून देवळाकडं गेले. सरूबाईला वाटलं, तिरडीच्या तयारीला गेले असतील. ते गेले होते यात्रेचं काय करायचं ते ठरवायला.

बैलगाड्यांच्या शर्यतीवरची बंदी उठल्यापासून वाडीची यात्रा मोठी झाली होती. जुन्नरहून, आंबेगावहून गाडे येऊन पोचले होते. घाट, म्हणजे गाडे पळवायची धाव, रोलरनं दाबून तयार होता. परवानगी एकाच तारखेची होती. फ्लेक्सवर सुजितचा गॉगल घातलेला फोटो झळकत होता, कारण निवडणूक जवळ होती. आणि वाडीला सुतक पडलं तर देवाला अभिषेक करायला, पालखीला खांदा द्यायला एकही माणूस चालणार नव्हता. सगळे गवारेच होते. देवच पारोसा राहिला तर यात्रा कसली आणि शर्यत कसली?

गुरवाला विचारलं. गुरव म्हणाला, सुतक भावकीला असतं, शेजाऱ्याला नसतं, त्यो भावकीतला हाय का ते तुमचं तुमी ठरवा.

पंचवीसेक वर्षं ज्या प्रश्नाची कुणाला गरज पडली नव्हती तो प्रश्न मग देवळाच्या पायरीवर पहिल्यांदा निघाला. कोंडीबा नेमका कुठला गवारे? कुणीतरी देवकाचं काढलं. देवक म्हणजे कुळाची खूण, लग्नात पुजतात ते पान नाहीतर झाडाची फांदी. एका भावकीचं देवक एकच असतं. कोंडीरामचं देवक काय ते पायरीवर बसलेल्या एकालाही माहीत नव्हतं. नेहाच्या लग्नात त्याच्या दारात देवक बसलं होतं, सगळे जेवून गेले होते, पण कुणी वाकून बघितलं नव्हतं. विचारून यायला सुमनताईला पाठवलं.

सुमनताई येऊन सरूबाईला खेटून बसली. कोंडीरामच्या पायाशी चादर सारखी वर जात होती आणि सरूबाई ती पुन्हापुन्हा खाली ओढत होती.

"वैनी, एक इचारू का? तुमचं देवक काय हो?"

"पानकणीस," सरूबाई म्हणाली. चादर पुन्हा ओढली.

सुमनताई उठली नाही. ती आणखी जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कळंब आसंल बघा. आमचं समद्यांचं कळंब हाय. नीट आठवा की."

"न्हाई वो ताई. लग्नात सासूबाईनं सांगितलं होतं मला. मपलं पानकणीस."

एक शब्द. कळंब म्हणाली असती तर वाडीची यात्रा तिथंच थांबली असती. पण बाईचं माणूस समोर पडलेलं, तिला वाटलं काही विधीसाठी विचारतायत. विधीला खोटं कसं सांगायचं? सुमनताई तिला वाचवायला बघत होती की नुसती खात्री करून घेत होती, ते सुमनताईलाच ठाऊक. ती मान हलवून उठली आणि पदरानं डोळे पुसत देवळाकडं गेली.

देवक वेगळं निघालं. देवक वेगळं तर भावकी वेगळी, भावकी वेगळी तर सुतक नाही. गुरवानं सांगितलं की घरी जाऊन अंघोळ केली की झालं. देवळाच्या पायरीवर, सांगणाऱ्यांनी पुढं सांगितलं त्याप्रमाणे, एकदम सगळ्यांना चहाची आठवण झाली.

उद्धवराव स्वतः आले. हात जोडून उभे राहिले. "वैनी, कोंडीबा आपलाच माणूस हुता. काय बी कमी पडू देनार न्हाई. फकस्त उन्हाच्या आधी उरकून घेऊ."

सरूबाईला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, "भावजी, दहाव्याला घरटी एक येईल ना?"

उद्धवरावांनी मागं उभ्या असलेल्या पुरुषांकडं पाहिलं. त्यातल्या एकानं मोबाइल बघायला घेतला.

"बघू की," उद्धवराव म्हणाले. "यात्रा एकदा पार पडू द्या."

तेव्हा तिला कळलं. ती रडली नाही, भांडली नाही, काही नाही. कानांना दडे बसल्यासारखं झालं एवढंच ती सांगते. माणसं बोलताना दिसत होती.

वाडीच्या स्मशानाकडं नेता आलं नाही. घाट तिकडंच होता, आणि सावली चांगली म्हणून पाहुण्यांची बैलं स्मशानाच्या शेडखाली बांधली होती. बैलांना हलवलं तर ती बुजतात, पळत नाहीत. माणूस काय, कुठंही जळतो. गाडी बोलावून कोंडीरामला चाकणला नेलं. समाधान आल्यापासून दात खाऊन फिरत होता. स्पीकरची वायर कापतो म्हणून तो पक्कड घेऊन निघाला तेव्हा आईनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. स्पीकरचा आवाज, गाडी कमानीतून बाहेर पडेस्तोवर, वाडीनं कमी ठेवला होता. तेवढं केलं.

दुसऱ्या दिवशी शर्यती झाल्या. कोंडीराम गेला त्या जागेवर पिठावर दिवा ठेवलेला, आणि सरूबाई त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसलेली. घाटावरचा निवेदक सकाळी सुरू झाला तो थांबलाच नाही. समस्त गवारे भावकीच्या वतीनं सर्व गाडामालकांचं स्वागत, समस्त गवारे भावकीच्या वतीनं पहिल्या नंबराला मोटारसायकल. प्रत्येक गाडा सुटला की भिर्रऽऽ असा ओरडा उठायचा आणि घरावरचा पत्रा थरथरायचा. दिव्याखालचं पीठ हळूहळू एका बाजूला सरकत होतं. सरूबाई ते बोटानं परत जागेवर आणत होती.

परतूरला समाधाननं फोन केला होता. लगीनसराई आहे, जमलं तर तेराव्याला येतो, असं उत्तर आलं. तेरावं झालं, कुणी आलं नाही. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्याही दहाव्याला कोंडीराम नव्हता.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी न्हावी वेळेआधी येऊन बसला होता. वाडीचा नेहमीचाच न्हावी. त्याला कुणी काही कळवलं नव्हतं, म्हणून तो नव्या ब्लेडचं अख्खं पाकीट घेऊन आला होता. कोंडीबाचा दहावा म्हणजे सगळी वाडी वाकणार, असा त्याचा अंदाज. गाडीतून सरूबाई, समाधान, नेहा आणि तिचा नवरा उतरले. मागून ज्योतीराम आला, लाईनवरचे चौघं घेऊन. वाट पाहून न्हाव्यानं विचारलं, भावकीतले किती? समाधान म्हणाला, मीच. न्हावी रस्त्याकडं बघत राहिला. मग त्यानं पाकिटातलं एक ब्लेड काढलं आणि बाकीचं पाकीट खिशात ठेवलं.

समाधानचं भादरून होत आलं तेव्हा ज्योतीराम सरूबाईजवळ येऊन उभा राहिला. "वहिनी, आमच्यात हे नसतं. आमचा याच्यावर विश्वास पण नाही. पण तुम्ही म्हणाल तर मी बसतो."

सरूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्याचे केस दाट होते, कानांवर पांढरे झालेले, तेल लावून मागं वळवलेले.

"नको भाऊ," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तुमचे केस."

तो बसला नाही, पण जाईपर्यंत समाधानचा शर्ट हातावर घडी घालून धरून उभा राहिला. पिंडाला कावळा लगेच शिवला. कोंडीरामची काही इच्छा मागं राहिली नव्हती म्हणा, नाहीतर कावळ्याला भूक होती म्हणा.

सुमनताई तेराव्यानंतर एकदा येऊन गेली. नारळ, साखर ठेवून गेली. बोलण्यात नेहमीचीच माया. उद्धवरावांनी समाधानला परमनंटसाठी शब्द टाकतो असं कळवलं. वाडीनं जणू एक अडचणीचा दिवस सांभाळून घेतला आणि पुढं निघाली. सरूबाईही कँटीनला जायला लागली. पोळ्या लाटायची, येताना भाजी आणायची. कुणी बोललं तर बोलायची. आतून मात्र काहीच वाटेना. राग यावा म्हणून ती कधीकधी मुद्दाम ते आठवायची, बैल, स्पीकर, उद्धवरावांचे जोडलेले हात. राग यायचा नाही. जेवताना चव लागायची नाही, पण त्याचंही दुःख नव्हतं.

श्रावणात उद्धवरावांचे थोरले भाऊ गेले. नेहा पोराला घेऊन माहेरी आली होती आणि पोराला पुऱ्या हव्या होत्या, म्हणून सरूबाई कणीक तिंबत होती. सुमनताई दारात आली. डोळे सुजलेले. सासरचा मोठा दीर, तिचं दुःख खरं होतं.

"वैनी, भाऊसाहेब गेले. सुतक पडलं बघा आपल्याला. आन दहाव्याला समाधानला पाठवा. सुजितला प्रचारात फिरायचं हाय, त्याला काय भादरता यायचं न्हाई. समाधानच बसंल आमच्याकडून."

सरूबाई कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "ताई, आपलं देवक येगळं हाय ना."

 सुमनताईला याची कुणी आठवण करून देईल असं वाटलंच नव्हतं. "आवं ते काय धरून बसला," ती म्हणाली. "ते यात्रेपुरतं हुतं."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की नेहानं आतून मान वर करून पाहिलं. सुमनताईच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं. यात्रेपुरती भावकी वेगळी झाली, आता यात्रा झाली, पुन्हा एक झाली, त्यात एवढं काय?

 सरूबाईनं गॅस पेटवला, कढईत तेल ओतलं. तेल तापायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दोघी तशाच होत्या, एक दारात, एक ओट्याशी. मग तिनं पहिली पुरी लाटून सोडली. ती टम्म फुगून वर आली आणि तळणाचा वास दारातून बाहेर, चाळीभर गेला. सुतकात गवारेवाडीत कुणाच्या घरातून असा वास आला नव्हता. सुमनताईनं नाकाला पदर लावला.

"तुमचंच नुकसान हाय वैनी," ती म्हणाली आणि गेली.

सरूबाईनं सगळ्या पुऱ्या तळल्या. नातवानं पोटभर खाल्ल्या. तिनं स्वतः दोन खाल्ल्या. चव लागली का, असं पुढं कुणीतरी तिला विचारलं, तर म्हणाली, मीठ कमी झालं होतं.

समाधान दहाव्याला गेला नाही. भाऊसाहेबांच्या दहाव्याला उद्धवरावांच्या घराकडून कुणीच बसलं नाही म्हणे, आणि त्याबद्दल देवळाच्या पायरीवर कुणी प्रश्नही काढला नाही. समाधानला मात्र पुढच्या महिन्यात कंत्राटातून ब्रेक मिळाला, म्हणजे काम गेलं. आता तो मोशीकडं एका गोडाऊनला जातो. चाळीतल्या बायका सरूबाईशी नळावर बोलत नाहीत. खोली खाली करा असं उद्धवराव म्हणत नाहीत, कारण गवाऱ्यानं गवाऱ्याला घराबाहेर काढलं अशी बोलवा सुजितला निवडणुकीत परवडणार नाही. निवडणूक झाल्यावर काय, ते सांगता येत नाही. नेहा म्हणते रावेतला चल. सरूबाई म्हणते, वरीस होऊ दे.

वरीस येत्या चैत्रात होतंय. तिथीनं करायचं म्हटलं की ते यात्रेच्या आदल्याच दिवशी येतं. गाडे तेव्हाच येऊन पोचतील, फ्लेक्स लागतील, शेडखाली बैलं बांधतील. सरूबाईनं वाडीत कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. ज्योतीराम येणार आहे, लाईनवरचे दोघंतिघं येतील. तिनं पंगत मांडायचं ठरवलंय मोठी, पण बसणारी माणसं तेवढी नाहीत. तुम्ही चाकणच्या बाजूला राहत असाल, नाहीतर त्या दिवशी कामानं तिकडं जाणार असाल, तर जेवायला या. काही आणू नका, टोपी असेल तर घालून या. कमानीतून आत आलात की जालन्याचे कुठं राहतात असं विचारा, आणि दुपारच्या आत पोचा, कारण एकदा स्पीकर सुरू झाला की तिथं दारातली हाक आत ऐकू जात नाही.